कृष्णेचा पूर व उभी लाट

तासगांवाजवळची येरळा वर्षांतला बराच काळ वाळूच दाखविते. म्हणून पूर पाहावयाचा तर आम्हीं सांगलीच गांठावी. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून तेथील तरुण भरल्या कृष्णेंत उड्या घेतात, व ओघाबरोबर तिरपे जाऊन कांठास लागतात. प्रवाहाशीं झुंजावयाचें नाहीं, हेंच त्यांचें शास्त्र.

जर्मनींतील म्युनिक शहरांत ऐसबाख ओढ्यावर याहून निराळा खेळ रूढ झाला. समुद्रांत लाट पुढें धांवते व पाणी बहुतांशीं जागींच हेलावतें. त्या ओढ्यांत पाणी धांवे व लाट जागींच उभी राही. उथळ, वेगवान पाणी पुढील खोल, संथ पाण्यावर आदळलें म्हणजे अशी लाट उठते. तिच्यावर फळी ठेवून मनुष्य तोल सांभाळीत एकाच ठिकाणीं तरंगतो. २०२५ च्या शरदांत त्या ओढ्याचा तळ साफ केला, आणि लाट नाहींशी झाली! लाटेचें मूळ तळाशीं असतें, तें असें.

आपल्या पुराचा तळ तर कोणासच दिसत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेलें. आणि ८ तारखेस ब्रह्मनाळास, जेथें आमची येरळा कृष्णेस मिळते, पूरग्रस्तांची नाव उलटून अनेक जीव गेले. त्यांत बायकामुलेंही होतीं.

म्हणून वडील मंडळींस विनंति, कीं मुलांमुलींस पोहणें अवश्य शिकवावें. मात्र तें चैत्र-वैशाखांत, तळ दिसत असतांना. पूर पुलावरून पाहावा व हात जोडावे.