धरण किती टक्के, आणि काठ कुठं?

गेली वीसेक वर्षं एक बातमी मी दर पावसाळ्यात लिहितोय. 'मांजरा धरण अमुक टक्क्यांवर.' आकडा बदलतो, मथळा तोच. कळंब, केज, अंबाजोगाई, लातूर, सगळ्यांचे नळ धनेगावच्या या धरणावर, त्यामुळे बातमी वाचली जातेच. एकूण साठा २२४ दलघमी, त्यातला उपयुक्त १७७. हे आकडे मला स्वतःच्या मोबाइल नंबरसारखे पाठ आहेत.

पण त्या टक्क्यात काय मोजलं जात नाही, हे मला ऑगस्ट २०२३ मध्ये कळलं. आठवतोय ना तो महिना? १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन माना टाकत होतं. त्याचेच फोटो काढायला मी बॅकवॉटरच्या बाजूला गेलो होतो. तिथं एक ओळखीचे मामा चिखलात गुडघे रोवून बसलेले. भोई समाजातले, साठीच्या पुढचे. बायकोच्या जुन्या पातळाचा तुकडा घेऊन एका डबक्यातून काहीतरी गाळत होते आणि बादलीत टाकत होते.

"काय करताय मामा?"

"पोरं उचलायलोय."

वाकून बघितलं. बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लं, काचेसारखी, नुसते डोळे दिसत होते. शेजारी म्हशीच्या खुरांचे ठसे, त्यात वाटीभर पाणी, त्यातही चार-पाच. पाणी हाताला कोमट लागत होतं. पलीकडं बगळे रांगेत बसलेले, पंगतीला बसल्यासारखे.

झालं असं होतं. जुलैअखेरीला पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, काठचं गवत बुडालं. मासळीला एवढा इशारा पुरतो. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. नवं, गढूळ, वाहतं पाणी आलं की त्याच्या उलट दिशेनं चढतात आणि उथळ जागी अंडी सोडतात. ती अंडी कशाला चिकटत नाहीत, प्रवाहाबरोबर तरंगत राहतात. पंधरा-अठरा तासांत फुटतात. पिल्लू पहिले तीनेक दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतं. नंतर त्याला बारीक खाणं लागतं, आणि ते असतं काठाच्या उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात. म्हणजे दोन-तीन आठवडे तरी तो काठ जागेवर राहायला हवा. इथं आठवड्यातच पाणी उतरलं. मोठी मासळी खोल पाण्यात निघून गेली, पिल्लं मागं डबक्यात राहिली. आधी ऑक्सिजन संपतो, मग पाणी.

मरळीचं आणखी वेगळं. ती गवत बाजूला सारून जागा करते, नर-मादी अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर पहारा देतात. लालसर पिल्लांचा थवा वर आला की जाणता भोई तिथं जाळं टाकत नाही. मोठी मरळ वर येऊन हवा घेते, चिखलातही तग धरते. लहान पिल्लांना ते जमत नाही. या सगळ्यात फावतं ते चिलापीचं. तिची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पाणी उतरलं की तीही उतरते, घर तोंडातच! उगाच नाही बाजारात जिकडंतिकडं चिलापी दिसत.

आता ज्या डबक्यापाशी आम्ही उभे होतो, त्याच ओढ्याच्या तोंडावर तीन मोटारी चालू होत्या. त्यातली एक माझ्या धाकट्या भावाची. मामा त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. शेवटी मीच विषय काढला. ते हसले. "सोयाबीन जळालं तर माझी माशाची उधारी कोण देईल?" मी मोटार बंद करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी भावानं ऐकलं नसतं, आणि पंधरा दिवसांवर आलेलं पीक बघता त्याला चूक म्हणायची माझी छाती नाही.

कुणी म्हणेल, मत्स्यबीज केंद्रातून आणून सोडतात की! खरंय. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून नदीवर अवलंबून राहायची सक्ती गेली. मामांची संस्थाही बोटुकली विकत आणते, उधारीवर. पण बोटुकलीसुद्धा सोडल्यावर काठालाच येते. आणि मरळ, वाम यांचं बी त्यांनी कधी आणलेलं नाही. ते नदीनंच द्यायचं.

२०१६ चं सांगतो. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तेव्हा माणसांच्या घागरी मोजणं हेच काम होतं, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण त्याच उन्हाळ्यात धरणाच्या तळातल्या डबक्यांत मासळी नुसती खच्चून भरली होती. मिळेल त्या भावानं गेली. पुढं पावसाळ्यात धरण भरलं, आम्ही जलपूजनाचे फोटो छापले. आणि मामा? ते पुण्यात वॉचमन म्हणून गेले, दोन वर्षं. भरलेल्या धरणात अंडी घालायला मोठी मासळीच उरली नव्हती. ही बातमी मी तेव्हा लिहिली नाही. सुचलीच नाही.

परवा वाचताना अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचं एक प्रकरण सापडलं. तिथला सॅल्मन मासा (आपल्याकडं मुंबईत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, तो वेगळा) पाण्याखालच्या खडीत खळगे करून अंडी घालतो. ती महिनोन् महिने तिथंच असतात. वरच्या धरणातलं पाणी वीजनिर्मितीसाठी कमी-जास्त झालं की खडी उघडी पडायची, अंडी वाळायची. १९८८ मध्ये वीजवाले आणि मासेवाले एका टेबलावर बसले. करार केला. अंडी घालायच्या दिवसांत पाणी मुद्दाम बेताचं ठेवायचं, म्हणजे मासा फार वर चढून अंडी घालत नाही. नंतर पिल्लं खडीबाहेर पडेपर्यंत पाणी त्या रेषेखाली जाऊ द्यायचं नाही. २००४ मध्ये करार वाढवून बाहेर पडलेल्या पिल्लांपर्यंत नेला, कारण पाणी झटकन उतरलं की तीही डबक्यांत अडकत होती.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं पाणी असंल."

बरोबर आहे. आपल्याकडं खंड पडला की धरणात सोडायला काही नसतं, हे मलाही कळतं. पण २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या जीवसृष्टीसाठी प्रवाहाचा काही भाग राखावा असं लिहिलंय. एका ओळखीच्या अभियंत्याला विचारलं, आपल्या हिशोबात तो कुठं धरता? म्हणाला, पिणं, शेती, उद्योग, बाष्पीभवन, एवढे रकाने आहेत. बाष्पीभवनालासुद्धा रकाना आहे बघा.

मी मागतोय ते फार नाही. जून ते ऑगस्टमध्ये ओढ्यांच्या तोंडावरच्या चार-दोन जागा, मामांसारख्यांना माहीत असलेल्या, तेवढ्या सोडून मोटारी पुढं खोल पाण्यात टाकता येतील का? पाइप वाढेल, खर्च कुणी द्यायचा ते बोलू. पाणी हटलं की लगेच गाळपेरीसाठी तिथं नांगर घालायचा का? भावाशी बोललोय. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

मामांनी काठाला एक बाभळीची खुंटी रोवलीय, बोटाबोटावर खाचा केलेली. नातवाच्या मोबाइलवरून रोज सकाळी तिचा फोटो पाठवतात. आजच्या फोटोत पाणी कालच्या खाचेच्या तीन बोटं खाली आहे.