धूर, शेरी आणि वयाचे गणित

२०२३ साली अमेरिकेतील ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत हरियाणातील इंद्री या सिंगल मॉल्टच्या दिवाळी आवृत्तीला सर्वोच्च सन्मान मिळाला. बातम्यांत अभिमान भरपूर होता. त्या बाटलीतील रसायनशास्त्राविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ती व्हिस्की एकाच वेळी पीटच्या धुराची आणि शेरीच्या पिंपाची होती. मॉल्टच्या चाहत्यांत हे जवळजवळ दोन पंथच आहेत. दोन्ही स्वाद ठसठशीत असले तरी ते निर्मितीच्या दोन विरुद्ध टोकांना व्हिस्कीत शिरतात.

धूर पहिल्या टोकाला येतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. मोड आलेली ओली बार्ली त्याच्या धुरावर वाळवली की फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल ही संयुगे दाण्याला चिकटतात. स्कॉटलंडच्या आयला बेटाची ओळखच या वासाने ठरली आहे. भारतीय उत्पादकांनीही हा धूर तिकडूनच आणला: बंगळुरूच्या अमृतने स्कॉटलंडची धुरावलेली बार्ली वापरली, तर गोव्याच्या पॉल जॉनने आपल्या ‘बोल्ड’साठी आयलाचे पीट. पहिल्यांदा हुंगणाऱ्याला दवाखान्यातील जंतुनाशक आठवते. थोड्या वेळाने पावसाळ्यात ओल्या लाकडांवर धुमसणारी चूल.

या धुराची तीव्रता पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांतील फिनॉलच्या भागांत सांगतात. आर्डबेगच्या मॉल्टसाठी हा आकडा साधारण ५५ असतो. पण हे मोजमाप बार्लीचे असते, पेल्यातील द्रवाचे नव्हे. आंबवण्यापूर्वीच्या भिजवणीत काही फिनॉल चोथ्याबरोबर निघून जातात. ऊर्ध्वपातनात ते प्रामुख्याने उत्तरार्धात बाहेर पडतात. त्यामुळे द्रव गोळा करणे कोणत्या क्षणी थांबवायचे, या निर्णयावर बरेच अवलंबून असते. लागाव्हुलिन आणि काओल इला यांना एकाच मॉल्टघरातून, सुमारे ३५ पीपीएमचे मॉल्ट मिळत आले आहे. तरीही दोन्ही पेले शेजारी ठेवले तर पहिला दाट आणि जड लागतो, दुसरा हलका व खारट वाऱ्यासारखा. आकडा बरोबर असूनही प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण तो निराळ्या ठिकाणी मोजलेला असतो. प्रयोगशाळेत नव्याने पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब ध्यानात ठेवावी.

शेरी दुसऱ्या टोकाला येते. स्पेनमधील हेरेस परिसराची ही वाइन; तिचा ओलोरोसो प्रकार कोरडा आणि अक्रोडाच्या वळणाचा, तर पेद्रो हिमेनेझ उन्हात सुकवलेल्या द्राक्षांचा, काकवीसारखा गोड. शेरी मुरलेल्या ओकच्या पिंपात व्हिस्की ठेवली की लाकडातील टॅनिन, लिग्निनपासून तयार झालेले व्हॅनिलिन आणि शेरीचे अवशेष तिच्यात उतरतात. रंग गडद होतो. नाकाला काळे मनुके, खजूर, सुके अंजीर जाणवतात. पिंपात घालवलेल्या काळाबरोबर हा स्वाद वाढत जातो. पीटचा धूर मात्र त्याच काळात मवाळ होत जातो. एकाच पिंपात एक स्वाद चढणीवर असतो आणि दुसरा उतरणीवर.

दोन्ही पेल्यांत थोडे पाणी घातले की आणखी एक फरक पुढे येतो. २०१७ साली स्वीडनमधील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांच्या मिश्रणाचे संगणकीय प्रारूप तयार केले. इथेनॉल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉलचे रेणू मुख्यतः पृष्ठभागाशी, हवेच्या सीमेवर आढळले. प्रमाण ५९ टक्क्यांच्या वर गेल्यावर ते इथेनॉलच्या गराड्यात खोल राहिले. सुमारे ५६ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत १० मिलिलिटर पाणी मिसळले की मद्यार्क ४२ टक्क्यांवर येतो. पाण्याने ‘वास खुलतो’ या जुन्या अनुभवामागे धुराच्या बाबतीत असे एक भौतिक कारण दिसते.

आता वयाकडे वळू. स्कॉटलंडच्या गोदामातून दरवर्षी साधारण २ टक्के द्रव उडून जातो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बंगळुरूत हा वाटा १० टक्क्यांच्या घरात किंवा अधिक असतो. बारा वर्षांनी तिकडच्या पिंपात ७८ टक्के द्रव उरेल, इकडे जेमतेम २८. त्यामुळे भारतीय मॉल्ट बहुधा तरुण वयातच बाटलीत जाते आणि वयाला मान देणाऱ्या बाजारात तिला खुलासा द्यावा लागतो. तो खुलासा एका सोप्या गुणाकाराने केला जातो: इथले एक वर्ष म्हणजे तिथली तीन वर्षे.

हा गुणाकार कानाला गोड लागतो, पण भौतिकशास्त्राला मानवत नाही. पिंपात एकच प्रक्रिया चालत नाही. लाकडातून घटक विरघळणे, हवेतील प्राणवायूशी संयोग, एस्टर तयार होणे, बाष्पीभवन, या प्रत्येकाची तापमानाला मिळणारी प्रतिसादाची पट्टी वेगळी. समजा, तापमान १० अंशांनी वाढल्यावर एका प्रक्रियेचा वेग दुप्पट होतो आणि दुसरीचा दीडपट. सरासरी तापमानात १५ अंशांचा फरक असेल, तर स्कॉटलंडमधील बारा वर्षांचे काम पहिली सव्वाचार वर्षांत उरकेल, दुसरीला साडेसहा लागतील. मग त्या व्हिस्कीचे ‘स्कॉटिश वय’ कोणते? दोन घड्याळे दोन वेळा दाखवत असताना त्यांची सरासरी काढून कोणतीच खरी वेळ कळत नाही.

पीट आणि शेरी एकत्र असलेल्या भारतीय मॉल्टमध्ये हा पेच जिभेवर येतो. लाकडाचा गडदपणा लवकर चढतो. धुराला मवाळ व्हायला मात्र तेवढा अवधी मिळालेला नसतो. म्हणून एखाद्या चांगल्या बाटलीत मनुक्यांच्या दाटीतही चूल पेटलेली राहते. फसलेल्या बाटलीत टॅनिनचा तुरटपणा उरलेल्या सगळ्यावर मात करतो. ही चव हरियाणाच्या चाळिशीपार उन्हाळ्याची आणि कडक हिवाळ्याची, गोव्याच्या दमटपणाची किंवा बंगळुरूच्या पठाराची आहे. तिला बारा वर्षांच्या स्कॉचची नक्कल ठरवणारा गुणाकार तिच्या चाहत्यांनीच सोडून द्यायला हवा.

या सगळ्या कौतुकात इथेनॉलचा विसर पडू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत, पहिल्या गटात, नोंदवले आहे. सिंगल मॉल्ट महाग असल्याने किंवा तिचे वर्णन सुंदर असल्याने ती नोंद बदलत नाही. जाणकार चाखणारे म्हणूनच घोटभर घेतात, पुष्कळदा थुंकून टाकतात आणि बराचसा वेळ केवळ हुंगण्यात घालवतात.

तुलनेची शिस्त शिकायला तर मद्याचीही गरज नाही. तीन पेल्यांत ताक घ्यावे. दोन साधे, एक निखाऱ्याचा हलका धुंगार दिलेले, किंवा याच्या उलट. डोळे बांधून वेगळा पेला ओळखायचा. निव्वळ नशिबाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. सलग पाच वेळा बरोबर येण्याची २४३ मध्ये एक. पेल्यांचा क्रम दर फेरीला कोणी तिसऱ्याने बदलावा आणि निकाल सर्व फेऱ्या संपल्यावरच सांगावा. धुंगार किती कमी केला तरी ओळखता येतो, हे ज्यांनी करून पाहिले असेल त्यांनी आपले आकडे खाली जरूर नोंदवावेत, चुकलेल्या फेऱ्यांसह.