खारपाणपट्ट्यातली विहीर

खामगाव म्हटलं की मोठ्या माणसांना आठवतो कापसाचा बाजार आणि चांदी. तुम्ही मात्र या खेपेला बाजारात रेंगाळू नका. स्टँडवरून शेगावची एस.टी. पकडा आणि तिथून पुढे संग्रामपूरची. खामगावच्या दक्षिणेचे अजिंठ्याचे डोंगर मागे पडतात, जमीन सपाट होत जाते, सगळीकडे काळीभोर माती, आणि समोर लांबवर सातपुड्याची निळी रेघ. मध्ये पूर्णा नदी लागते. हाच तो खारपाणपट्टा. बुलढाणा, अकोला आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय.

इथे विहिरीला पाणी नाही असं नाही बरं का! पाणी आहे, पण ते तोंडात घेतलंत तर थुंकून टाकाल. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. शेताला हे पाणी दिलं तर चांगली काळी जमीन बिघडते. म्हणून विहीर शेजारी असूनही कपाशी पावसाच्याच भरवशावर.

किती खारट, विचाराल तर एक गंमत सांगतो. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. विदर्भाला कुठला आलाय समुद्र! पण अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याच्या विहिरी होत्या ना. तिथलं खारं पाणी आटवून लोकांनी मीठ काढलं आणि कायदा मोडला.

इतिहास म्हणून हे झकास. पण रोज तेच प्यायचं म्हणजे? मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी या भागात फार. आपल्याकडच्या प्रमाणानुसार एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर फार तर २,०००.

मग पाणी उकळून प्यावं की! आजी म्हणेल, तुरटी फिरवा. दोन्ही उपाय चांगलेच, पण वेगळ्या दुखण्यावरचे. उकळल्यानं जंतू मरतात, तुरटीनं गाळ खाली बसतो. विरघळलेलं मीठ मात्र हलत नाही. उलट उकळताना वाफ उडून जाते आणि उरलेलं पाणी आणखी खारट होतं. खोटं वाटत असेल तर घरी पेलाभर मिठाचं पाणी फडक्यातून गाळा आणि चव घ्या.

आता मनुका पाण्यात टाका. फुगते ना? तिच्या सालीतून पाणी आत शिरतं, साखर मात्र सहजासहजी बाहेर येत नाही. पाणी असं पातळाकडून दाटाकडे जातं. खाऱ्या पाण्यावर पंपानं जोराचा दाब दिला, की हाच प्रवास उलटा होतो: पातळ पडद्यातून पाणी पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे अडकतं. हेच ते ‘आरओ’ यंत्र.

मीठ निदान जिभेला कळतं. आर्सेनिकचं तसं नाही. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. बांगलादेशात जंतू नसलेलं पाणी मिळावं म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या आणि त्यांतल्या कित्येकींतून हे विष वर आलं. त्याची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलीग्रॅम! तिथल्याच अबुल हुस्साम या रसायनशास्त्रज्ञानं उपाय शोधला, तोही लोखंडाचा. लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटून बसतं. या साध्या गाळणीला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पण तीच गाळणी खारपाणपट्ट्यात आणलीत तर मीठ खुशाल पार होऊन जाईल. ज्याला त्याला आपापलं औषध!

संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडच्या गावांसाठी आणखी एक वाट काढली: सातपुड्यातल्या वान धरणाचं गोडं पाणी नळानं आणायचं. तिला नावच पडलं ‘१४० गाव योजना’. माझ्या मते हाच मार्ग सरळ. कारण आरओ यंत्राची एक गोष्ट कुणी चटकन सांगत नाही. यंत्रातून दोन नळ्या निघतात. एकीतून गोडं पाणी हंड्यात पडतं. दुसरीतून निघतं ते पहिल्यापेक्षाही खारट, आणि घरगुती यंत्रात बहुधा हेच जास्त असतं. गावातल्या यंत्रापाशी गेलात तर ती दुसरी नळी शोधा आणि कुठे जाते ते बघा. ती उघड्या नालीत सोडलेली असेल, तर ते मीठ पुन्हा त्याच काळ्या मातीत मुरत असणार.