परिच्छेद अकरा

"सर, हे मेलवर टाकू की वर जाऊन सांगू?"

हाताखालच्या मुलीनं विचारलं आणि मी सवयीनं म्हणालो, "मेलवर. लिहिलेलं बरं." ती जागची हलली नाही. "पण सर, तो निकाल?"

31 ऑक्टोबर 2025 चा. तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स धाडू लागल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलेलं प्रकरण. वकिलांना दिलासा मिळाला आणि त्याच निकालात आम्ही उंबऱ्याबाहेर राहिलो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ची गुप्तता कोर्टात वकिली करणाऱ्याची, कंपनीच्या पगारी वकिलाची नव्हे. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला कलम 134 चा आडोसा आहे. कंपनी आणि मी आपसात जे बोललो-लिहिलं, त्याला तोही नाही. कारण आम्ही मालकाच्या धंद्याच्या गणिताला बांधलेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या आम्हा मंडळींना हे जास्तच लागलं. विजय मेटल वर्क्सचा निकाल, एआयआर 1982 मुंबई, हा आमचा जुना टेकू: माणूस पगारी असला तरी सल्ला कायद्याचा असेल तर संरक्षण तेच. मी तो पाठ म्हणून दाखवायचो. आता सांगा, बार कौन्सिलच्या नियम 49 पायी सनद आम्हीच थांबवायची, आणि सनद थांबलेली म्हणून पुन्हा आम्हीच वकील नाही! चाकणच्या ऑफिसात माझ्या खणात सव्वीस वर्षं वकिलीचा इस्त्री केलेला बँड पडून आहे. तो काढून टेबलावर आपटला, इतका राग आला होता. राग ओसरल्यावर परिच्छेद अकरा आठवला.

एका बड्या ग्राहकाचा करार होता. तिमाही संपायला चार दिवस, सेल्सवाले केबिनच्या दारात. इंडेम्निटीला कमाल मर्यादाच नव्हती. आमचा पार्ट सदोष निघून गाड्या परत बोलवाव्या लागल्या तर अख्खा खर्च आमच्या डोक्यावर. यावर एमडींना टिपण द्यायचं होतं. 'स्वीकारू नये' लिहिलं की सौदा बुडवल्याचं खापर माझ्यावर. 'धोका संभवतो' लिहिलं की सही होणार, हे मला पक्कं ठाऊक. इंग्रजीतल्या 'शुड' आणि 'मे' यांच्यात मी तीन रात्री काढल्या. 'मे' ठेवला, त्याच्यापुढे 'इन सर्टन सर्कमस्टान्सेस' लावलं, काढलं, परत लावलं. मग ते वाक्य अधिकारक्षेत्र, स्टॅम्प ड्युटी, नोटिशीचा पत्ता असल्या दहा परिच्छेदांच्या मागे नेऊन बसवलं. पहिल्या परिच्छेदात करार एकंदरीत ठीक, अकराव्यात 'तथापि'. एमडी पहिल्या परिच्छेदापुढे वाचत नाहीत, हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं. मलाही.

दोन वर्षांनी गाड्या परत आल्या.

बोर्डाच्या बैठकीत मी फाइल उघडून अकराव्यावर बोट ठेवलं. सगळे गप्प झाले. एमडींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाला हे ठाऊक होतं. मग मला का नव्हतं?" उत्तर मी दिलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मला गाढ झोप लागली. कंपनीचे पैसे गेले, पण माझं वाक्य खरं ठरलं होतं. पुढे कितीतरी दिवस नव्या मुलांना ते टिपण मी ड्राफ्टिंगचा नमुना म्हणून वाचायला द्यायचो.

स्वतंत्र नाही असं न्यायालय म्हणालं, त्याला माझी हरकत आहेच. धंदा आतून बघितल्याशिवाय कुठला क्लॉज कुठे चावेल ते कळत नाही, आणि बाहेरचा वकील फार स्वतंत्र असतो यावर माझा विश्वास नाही. त्यालाही पुढचं काम हवं असतं. पण ते टिपण मी एमडींसाठी लिहिलं नव्हतं. फाइलसाठी लिहिलं होतं. हे कुठल्याही उलटतपासणीत मला कबूल करावं लागेल.

आता लॉ फर्मांची चांदी आहे. चाळीस पानांचं ओपिनियन, त्यातली नऊ पानं गृहीतकांची, आणि हो की नाही ते शोधायला दुसरा वकील लावावा लागतो. परवा मी माझंच मत टाइप करून एका फर्मला धाडलं. त्यांच्या लेटरहेडवर परत आलं, सोबत बिल, आणि माझी स्पेलिंगची चूक जशीच्या तशी. त्या चुकीला आता कायद्याचं संरक्षण आहे.

पण मुलगी अजून उभीच होती. हाही तसलाच करार, मर्यादा नसलेला. मी म्हणालो, "वर जाऊन सांग." मला स्वतःला जाता आलं असतं. गेलो नाही. समोर बसलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ मी आयुष्यभर कागदावर ढकलत आलोय, आणि या वयात ते जमेलसं वाटत नाही.

ती चार मिनिटांत खाली आली. "सर, मी म्हटलं, सही करू नका. का विचारलं, मी सांगितलं. ते बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

फाइलमध्ये त्या दिवसाची काहीच नोंद नाही. करार मर्यादा घालून आठवड्यानं झाला. मी मात्र ते कोरं पान अजून अधूनमधून उघडून बघतो, आणि तिथे माझं एखादं वाक्य असायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.