हरकत आहे!

मेलबर्नमध्ये कुणाचेही आईबाबा भारतातून आले की पफिंग बिलीची वारी ठरलेली. लोकलने बेलग्रेव्ह गाठायचं, तिथून ती जुनी वाफेची गाडी पकडायची, फोटोंचा पाऊस पाडायचा. बेलग्रेव्हच्या एक स्टेशन अलीकडे टेकोमा लागतं. तिथे आपल्यातलं कुणी उतरत नाही. पण या एवढ्याशा गावाने मॅकडोनाल्ड्सला बरीच वर्षं झुंजवलं होतं, आणि सध्या मी त्याच लढाईची कागदपत्रं रात्र-रात्र वाचतोय. कारण आमच्या मागच्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर पाटी लागलीये: फास्ट फूड, ड्राइव्ह-थ्रू, मध्यरात्रीनंतरही चालू. कुठली कंपनी ते जाऊ दे.

तर टेकोमा. २०११ साली मॅकडोनाल्ड्सने अर्ज केला. जागा मुख्य रस्त्यावर, समोर बालवाडी आणि प्राथमिक शाळा. हजाराच्या वर लेखी हरकती आल्या आणि कौन्सिलने एकमताने नकार दिला. झालं, जिंकलो, असं लोकांना वाटलं असणार. कंपनी गेली अपिलात, व्हीकॅट नावाच्या न्यायाधिकरणाकडे, आणि २०१२ मध्ये निकाल फिरला. जागा व्यापारी पट्ट्यातली. बर्गर पौष्टिक आहे का, गावाला तो हवा आहे का, हे प्रश्न नियोजनाच्या कायद्यात बसतच नाहीत. आमच्या धंद्यात कसं, स्पेकमध्ये जे लिहिलेलंच नाही त्याचा बग कितीही पोटतिडकीने टाका, 'ॲज डिझाइन्ड' असा शेरा मारून तो बंद होतो. अगदी तस्सं!

पुढचं सगळं गाजलं. बागेत ठेवतात ना ते लाल टोपीवाले ठेंगू पुतळे, ते आंदोलनाचं चिन्ह झाले. कंपनीने आठ आंदोलकांना कोर्टात खेचलं. २०१३ मध्ये काही जण लाखभर सह्या घेऊन थेट शिकागोला जाऊन आले. एप्रिल २०१४ मध्ये रेस्टॉरंट उघडलं ते उघडलंच.

पण माझ्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. २०१५ मध्ये व्हिक्टोरियाने कायद्यात दुरुस्ती केली. प्रकल्पाचा लक्षणीय सामाजिक परिणाम होईल का हे ठरवताना हरकत घेणाऱ्यांची संख्याही विचारात घ्यायची, अशी. मात्र नुसतं डोकी मोजून भागत नाही. परिणाम काय होणार ते दाखवावं लागतंच.

इथे आमच्या गल्लीचं घोडं अडतं. मीटिंगमध्ये जो तो जंक फूडवर भाषण ठोकतो. अरे, माझी स्वतःची लेक दर शुक्रवारी बर्गर मागते आणि मी आणून देतो! :) त्यावर कौन्सिलला काय सांगणार? एकाने सह्यांचा कागद फिरवलाय. उत्साह चांगला आहे, पण एका कागदावरच्या शंभर सह्या अनेकदा एकच हरकत म्हणून धरतात. हे सांगितल्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी माझ्या अर्जात तब्येतीबद्दल अवाक्षरही लिहिलेलं नाही. टेप घेऊन गेलो. नकाशात ऑर्डर घेण्याचा स्पीकर जिथे दाखवलाय, तिथून शेजारच्या ग्रीक आजींच्या बेडरूमची खिडकी अकरा मीटरवर येते. शाळा सुटायच्या वेळी गाड्यांची रांग वाढली तर तिचं शेपूट बरोबर झेब्रा क्रॉसिंगवर. कचऱ्याचा ट्रक किती वाजता येणार, तळणाचा धूर कुठल्या बाजूला सोडणार, दोन्ही अर्जात नाही. कंटाळवाणा मजकूर आहे, कबूल. पण स्पेकमध्ये बसणारा आहे.

पाटी लागल्यापासून किमान चौदा दिवस तरी निर्णय देता येत नाही. त्यातले नऊ गेले. आजी म्हणतात, "तूच लिही, मी सही करते." मी म्हटलं, नाही, रात्री झोप कशी लागते ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, मी टाइप करतो. आज दुपारी चारला बोलावलंय त्यांनी. वर म्हणाल्या, येताना लेकीलाही आण.