बंदुकीचा वेश

अकोल्याच्या एका स्नेह्यांकडे आजोबांच्या वेळची बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याची शिकारी रायफल आहे. तिचें लाकूड नळीच्या निम्म्यावर थांबतें. तें तोंडापर्यंत नेऊन तिला ली-एन्फील्डचा लष्करी साज चढवावा, अशी चिरंजिवांची हौस. बोल्ट तर त्याच घराण्याचा! परंतु इंग्रजी अमलांत .३०३ हें लष्करी काडतूस रयतेस मना होतें. म्हणूनच हिंदुस्थानांतील शिकाऱ्यांकरितां.३१५ची नळी निघाली. लाकूड बदलेल; नळींत कोरलेला राज्यकर्त्यांचा अविश्वास कसा बदलावा? १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर मेळघाटांतील शिकारही सरली. आतां तिच्यापाशीं उरली ती केवळ स्वतःची हकीकत. शिपायाचा वेश चढवून तीही पुसूं नये, असें आम्हांस वाटतें.