पाटी केवढी हवी?

संगणक संथ झाला की घरातले कोणीतरी लगेच निदान करते : 'मेमरी भरली असेल!' मग जुनी छायाचित्रे पुसली जातात, गाणी काढून टाकली जातात; आणि संगणक बहुधा होता तसाच संथ राहतो. हा सारा घोटाळा एका शब्दाने केलेला आहे. संगणकाजवळ स्मृती दोन प्रकारची असते. एक वहीसारखी, लिहिलेले जपून ठेवणारी. ती हार्ड डिस्क. दुसरी पाटीसारखी, हातातले काम संपेपर्यंत सोबत करणारी, ती रॅम. दुकानात 'मेमरी वाढवून देतो' असे म्हणतात, तेव्हा विकली जाते ती पाटी.

ही पाटी मोठी विसराळू. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांच्या ज्या रचनेला १९६८ मध्ये पेटंट मिळाले, तीच आजही तिच्या मुळाशी आहे. तिच्यातील प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म धारित्रात साठवलेला विद्युतभार. तो सतत गळतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवावे लागते. वीज गेली, की पाटी कोरी! आणि पाटी अपुरी पडली, की संगणक तिच्यावरचा काही मजकूर वहीत उतरवून जागा करतो व गरज पडताच पुन्हा वही उघडतो. ही धावपळ म्हणजेच तो संथपणा.

दिवसा नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. पाठाची चित्रफीत अडखळते, प्रकल्पाचे पान उघडता उघडत नाही, आणि तिच्या वाट्याचे दोन तास असेच निघून जातात. नवा संगणक घराला झेपणारा नसतो. चुकीची पाटी विकत घेणेही परवडणारे नसते.

म्हणून ती आधी आपले काम मोजते. रोजचे सगळे काम उघडे ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहते. रॅम जवळजवळ भरलेली दिसली, तर रोग तोच. निम्मी रिकामी असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. कदाचित जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि तेथे एसएसडी अधिक उपयोगी पडते. विंडोज ३२ बिटी असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम घालूनही तिला वापरता येत नाही.

मग जोड जुळवायची. २००७ मध्ये आलेल्या डीडीआर३ पिढीच्या पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात, डीडीआर४ला २८८. डीडीआर५लाही २८८च, पण तिची खाच निराळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बळ लावणे नुकसानीचे. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम पेलतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ८ जीबी हवी असेल, तर ४-४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या योग्य जागी बसवल्यास दोन वाटांनी एकाच वेळी माहिती वाहतात. ८ जीबीची एकच पट्टी घेतल्यास एक जागा उद्यासाठी मोकळी राहते. आजची गती की उद्याची सोय, हे घराने ठरवायचे.

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'किती जीबी देऊ?' त्याचे उत्तर त्याच्या कपाटात नसते. ती ते घरूनच कागदावर लिहून नेते : पट्टी कोणत्या पिढीची, मदरबोर्डाची मर्यादा किती, मोकळ्या जागा किती. मोठ्या पाटीने अक्षर सुधारत नाही, हे खरे. पण रात्रीचे दोन तास तिचे तिला परत मिळतात, आणि त्या घरात त्यांचे मोल पट्टीच्या किमतीहून अधिक असते.